आपांचं नाव त्या पाटीवर नको

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात पंचायतघरासमोर चिऱ्यांचा चौथरा बांधून तयार आहे. त्यावर बसवायची काळी पाटीही कापून आली आहे. सध्या ती पंचायतीच्या पडवीत गोणपाटाखाली झाकून ठेवली आहे. पाटीवर मथळा कोरून झाला: ‘युद्धातील शौर्यपदकांचे मानकरी ग्रामस्थ’. खालची जागा कोरी आहे. तिथे कुणाची नावं घालायची यावर दोन ग्रामसभा झाल्या आणि दोन्ही आरडाओरड्यात संपल्या. चार नावं पुढे आली. पहिले, दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या मराठा पलटणीतून इटलीत लढून मिलिटरी मेडल मिळवलेले एक गृहस्थ. दुसरे, १९७१च्या लढाईतून परतलेले हवालदार, ज्यांच्या पदकांची रांग सगळ्या गावाने पाहिली आहे. तिसरा, राज्याच्या सीमेपलीकडे जन्मलेला पण आजोळी आमच्याकडे वाढलेला, आमच्याच शाळेत शिकलेला आणि कारगिलमध्ये सेना मेडल मिळवलेला जवान. चौथे माझे थोरले काका. आम्ही त्यांना आपा म्हणायचो. मुक्तिलढ्यात त्यांनी पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला आणि तुरुंग भोगला.

दोन्ही सभांना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बसलो होतो. पहिल्या नावाला विरोध आला तो असा, की हा माणूस इंग्रजांच्या पगारावर लढला, त्याच्या शौर्याशी आपलं काय देणंघेणं? दुसऱ्यासाठी आग्रह असा, की पंचक्रोशीत एवढी पदकं दुसऱ्या कुणाच्या छातीवर नाहीत. तिसऱ्याच्या वेळी मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘आमच्या गांवचो न्हय तो.’’ चौथं नाव वाचलं गेलं तेव्हा मात्र टाळ्या पडल्या, एकही हात विरोधात वर झाला नाही. कोण भला, कोण आपला, कुणी किती सोसलं यावर दोन संध्याकाळी खर्ची पडल्या, आणि पाटीवर काय कोरलं आहे ते कुणी मोठ्याने वाचूनही दाखवलं नाही. माझं मत मी तिथे मांडायचा प्रयत्न केला, गोंगाटात ते बुडालं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. अशा यादीत नाव घालताना तीन गोष्टी तपासाव्यात: पदक खरोखर दिलं गेलं का, ते लढाईतल्या शौर्याबद्दल होतं का, आणि ते याच माणसाला मिळालं का. ग्रामस्थ कुणाला म्हणायचं, हे नावं पुढे येण्याआधी ठरवावं. तिन्ही उत्तरं कागदावर ‘होय’ अशी मिळाली तर नाव गेलंच पाहिजे, मग तो माणूस आपल्याला आवडो वा न आवडो. एकही उत्तर ‘नाही’ आलं तर नाव जाऊ नये, मग तो कितीही थोर असो. या कसोटीला पहिला आणि तिसरा उतरतात. हवालदार उतरत नाहीत. आपाही उतरत नाहीत.

पदक कसं मिळतं, हे सभेत फार थोड्यांना ठाऊक होतं. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र ही तीन पदकं २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठीच ती दिली जातात. अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र ही शत्रूशी समोरासमोर गाठ नसतानाच्या शौर्यासाठी. जवानाने काही केलं तर त्याचा वरिष्ठ अधिकारी ते लिहून काढतो: कुठे, कोणत्या तारखेला, समोर काय होतं, याने काय केलं, कुणी पाहिलं. ती शिफारस एकेक पायरी वर चढते, प्रत्येक पायरीवर चाळली जाते, आणि शेवटी राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापून येते. म्हणजे पदकाच्या मागे पाहणारे डोळे असतात, लिहिणारा हात असतो आणि छापलेला कागद असतो. पदकांची यादी ही त्या कागदांची यादी आहे. गावाने कुणाला वीर मानावं याचा निवाडा तिच्यात नसतो आणि तिने तो करूही नये.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा इथेच उभा राहतो आणि तो मी टाळणार नाही. कागद आंधळा असतो. ज्याच्याकडे लिहिणारा अधिकारी नाही, त्याचं शौर्य कागदावर येत नाही. १२ सप्टेंबर १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवरच्या सारागढीच्या चौकीत ३६व्या शीख पलटणीचे एकवीस जवान शेवटपर्यंत लढून पडले आणि एकवीसही जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, तेव्हा हिंदी जवानांना मिळू शकणारं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. त्या चौकीत छावणीचा एक सेवकही त्यांच्याबरोबर मेला. तो लढवय्यांच्या पटावर नव्हता, म्हणून पदकाच्या यादीतही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एकाही काळ्या सैनिकाला त्यांचं सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं नाही. लाखो काळे सैनिक गणवेशात असताना एकही शूर निघाला नाही, यावर कोण विश्वास ठेवील? १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनशी झालेल्या युद्धात, लडाखमधल्या रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग यांच्या तुकडीतल्या सुमारे १२० जणांपैकी शंभराहून अधिक जण पडले, आणि जिवंत परतलेल्या मोजक्यांनी जे सांगितलं त्यावर आधी कुणी भरवसा ठेवला नाही. बर्फात गोठलेली प्रेतं मोर्च्यांमध्ये शस्त्रांसह सापडली तेव्हा त्यांचं बोलणं खरं ठरलं.

आपल्या गोव्यात तर कागद आणखीच आंधळा होता. अस्नोड्याचे बाळा राया मापारी १९५५च्या फेब्रुवारीत पोर्तुगीज पोलिसांच्या छळाने कोठडीत मेले. मुक्तिलढ्याचे पहिले हुतात्मे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांना शौर्यपदक कुणी द्यायचं होतं? ज्या राज्याच्या अमलाखाली ते होते, त्या राज्याच्या लेखी ते गुन्हेगार होते, आणि ज्या राष्ट्राशी त्यांना एकरूप व्हायचं होतं, त्या राष्ट्राच्या फौजेत ते नव्हते. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले. करनैलसिंग बेनिपाल पंजाबातून आले होते, त्यांच्याही छातीवर पदक नाही. मोहन रानडे यांनी तर शस्त्र हाती घेऊन बेतीच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला, जखमी अवस्थेत पकडले गेले आणि १९६९च्या जानेवारीत पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले. त्यांना २००१ साली पद्मश्री मिळाली. तो नागरी सन्मान आहे, शौर्यपदक नव्हे. तेव्हा पदकांच्या यादीत गोव्याचं शौर्य मावत नाही, हे मला शंभर टक्के मान्य आहे.

मग जे यादीत नाहीत त्यांना आपल्या हाताने आत का घेऊ नये? कारण यादीतला अन्याय दूर करण्याची वाट वेगळी असते, आणि ज्यांनी ती चालली त्यांनी ती कष्टाने चालली. अमेरिकेत जुन्या नोंदी उकरल्या गेल्या, साक्षी तपासल्या गेल्या, आणि १९९७ साली सात काळ्या सैनिकांना ते पदक देण्यात आलं. त्यातला एकच तेव्हा जिवंत होता. कुणा गावाने आपल्या भिंतीवर परस्पर नाव रंगवून हा प्रश्न संपवला असता, तर त्या देशाला आपली चूक कबूल करावीच लागली नसती. भिंतीवरचं उपरं नाव अन्याय झाकून टाकतं. पन्नास वर्षांनी आमच्या पाटीवर आपांचं नाव वाचणाऱ्या पोराला वाटेल की भारत सरकारने यांना पदक दिलं होतं. म्हणजे जे सरकारने कधीच केलं नाही, त्याचं श्रेय आम्ही सरकारला देऊन मोकळे होणार. असं व्हावं अशी कुणाची इच्छा आहे का?

दुसरं कारण मला जास्त भीतिदायक वाटतं. मायेपोटी नाव घालता येतं, तर रागापोटी काढताही येतं. त्याच अमेरिकेत १९१७ साली मेडल ऑफ ऑनरच्या यादीतून ९११ नावं एका दणक्यात कमी झाली. त्यातली बहुतेक कमी होणं योग्यच होतं: मेन राज्याच्या एका पलटणीतल्या ८६४ जणांना लढाईतल्या शौर्यासाठी नव्हे, तर मुदत संपल्यावर राजधानीच्या रक्षणासाठी थांबण्याच्या बदल्यात ते पदक वाटलं गेलं होतं, आणि न थांबलेल्यांनाही ते पोचलं होतं. पण त्याच लाटेत डॉक्टर मेरी वॉकर यांचंही नाव गेलं. यादवी युद्धात जखमींवर उपचार करणारी, शत्रूच्या कैदेत पडलेली ही बाई सैन्यात अधिकारी म्हणून भरती झालेली नव्हती, असं कारण दिलं गेलं. तिने पदक परत केलं नाही, मरेपर्यंत अंगावर वागवलं. १९७७ साली तिचं नाव पुन्हा यादीत आलं, तोवर तिला जाऊन अठ्ठावन्न वर्षं झाली होती. इंग्लंडात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या आठ जणांची पदकं पुढच्या आयुष्यातल्या गुन्ह्यांसाठी जप्त झाली. त्यावर १९२०मध्ये राजा पाचव्या जॉर्जने आपल्या सचिवाकरवी कळवलं, की हे पदक मिळवलेला माणूस खुनासाठी फासावर चढत असला तरी ते त्याच्या अंगावर राहू द्यावं. एका दिवशी त्याने जे केलं ते केलं. पुढच्या आयुष्याचा हिशेब दुसऱ्या वहीत मांडावा.

आता इंग्रजांच्या पदकाचा प्रश्न. हिंदी सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळू शकेल असं १९११ साली ठरलं, आणि १९१४च्या ऑक्टोबरात खुदादाद खान हे तो मिळवणारे पहिले हिंदी जवान ठरले. इटलीच्या आघाडीवर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतल्या दोन मराठी जवानांना तो मिळाला: १९४४ साली यशवंत घाडगे यांना मरणोत्तर, १९४५ साली नामदेव जाधव यांना. घाडगे यांचा पुतळा रायगड जिल्ह्यात माणगावला उभा आहे. तिथून जाणारा कुणी त्यांना साहेबाचा चाकर म्हणत नाही. पोर्तुगीज अमलात राहणारे आमच्याकडचे तरुण पोटासाठी सीमा ओलांडून बेळगावला भरती व्हायचे. इटलीत ते नाझी फौजांशी लढले. त्यांच्यापुढे निवड कोणती होती, याचा विचार न करता आज पंख्याखाली बसून त्यांना नाकारणं मला अन्यायाचं वाटतं. पण समजा, ज्यांना हे पटत नाही त्यांचं खरं मानलं, तरी त्यांनी ते मथळ्यात लिहावं: ‘स्वतंत्र भारताच्या शौर्यपदकांचे मानकरी’. असं लिहिलं तर मी एका शब्दाने हरकत घेणार नाही. मर्यादा आधी जाहीर करून वगळणं प्रामाणिक असतं. मथळा सगळ्यांचा ठेवायचा आणि नाव आलं की कारण शोधायचं, याला माझा विरोध आहे.

कुणी विचारलं, मग उद्या पोर्तुगालची पदकंही लावणार का? विचारणाऱ्याला मला गप्प करायचं होतं, पण तो प्रश्न खरा आहे. १९६१च्या डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या लष्करी कारवाईत, दोन्ही बाजूंनी माणसं मेली. आपले मेजर शिवदेवसिंग सिद्धू आग्वादच्या किल्ल्यातल्या कैद्यांना सोडवायला गेले आणि तिथेच गोळीला बळी पडले. अंजदीव बेटावर आपल्या नौदलाचे सात जवान पडले. दीवच्या समुद्रात पोर्तुगीज लेफ्टनंट ओलिव्हैरा ई कार्मो आपली छोटी बोट घेऊन लढताना मेला आणि त्याच्या देशाने त्याला मरणोत्तर मोठा सन्मान दिला. त्याच देशाने गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांना मात्र फौजेतून हाकललं, कारण शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम न पाळता त्यांनी शरणागती पत्करली. पणजी शाबूत राहिली ती त्यांच्या त्या ‘भित्रेपणा’मुळे. १९७४च्या क्रांतीनंतर पोर्तुगालनेच त्यांना हुद्दा परत दिला. पदक देणारं राज्य आपल्या गरजेप्रमाणे शूर आणि भित्रे ठरवतं, हे यातून दिसतं, आणि म्हणूनच यादीत पदकाच्या नावासमोर देणाऱ्या राज्याचं नाव लिहिणं मला अत्यावश्यक वाटतं. वाचणाऱ्याला काय ते समजतं. निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्याबद्दल कुणाला लिस्बनहून शाबासकी मिळाली असेल, तर तो प्रश्नच उद्भवत नाही. मथळ्यात ‘युद्धातील’ असा शब्द आहे, आणि पत्रादेवीला युद्ध झालं नव्हतं.

हवालदारांबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. ते आता नाहीत. त्यांच्या घरी मी मुद्दाम गेलो. त्यांच्या पत्नीने बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली पदकं होती, एका पट्टीवर शिवलेली, फिती विटलेल्या. ती माऊली एकेक पदक बोटाने पुसून माझ्या तळहातावर ठेवत होती. भिंगाने मी कडा वाचल्या. प्रत्येकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरात कोरलेलं होतं, त्यामुळे ती त्यांचीच यात शंका नाही. पश्चिमी स्टार. संग्राम मेडल. सैन्य सेवा मेडल. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, तेव्हा सेवेत असलेल्यांना दिलेलं पदक. सगळी सेवेची आणि मोहिमेची. शौर्याचं एकही नव्हतं. वीर चक्राची फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी असते, ती त्या डब्यात नव्हती. ठरलेल्या काळात किंवा ठरलेल्या टापूत जे सेवेत होते त्या सगळ्यांना अशी पदकं मिळतात. गोवा मुक्तीच्या कारवाईतल्या सैनिकांनाही सामान्य सेवा पदकावर ‘गोवा १९६१’ अशी पट्टी मिळाली होती, आणि तिच्यावरून कोण गोळीबारात पुढे धावला ते कळत नाही. हे त्या माऊलीला सांगायचं कुणी? सभेत एक जण म्हणाला, ‘‘म्हातारीच्या समाधानासाठी घाला की एक नाव, कुणाचं काय बिघडतं?’’ बिघडतं. उद्या तिच्या नातवाला सैन्यातला कुणी ओळखीचा भेटेल, पाटी पाहील, आणि या घराने खोटं मिरवलं असं म्हणेल. त्या घराने खोटं काहीच सांगितलेलं नाही. खोटं आम्ही कोरणार आणि बोल त्यांना लागणार.

हीच गल्लत वरच्या पातळीवरही होते. परमविशिष्ट सेवा, अतिविशिष्ट सेवा ही पदकं मोठ्या अधिकाऱ्यांना दीर्घ आणि उत्तम सेवेसाठी मिळतात. गोमंतकीय घराण्यातले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ या काळात भूदलप्रमुख होते. त्यांची पदकं विशिष्ट सेवेची आहेत, आणि शौर्याच्या यादीत ती घातली नाहीत म्हणून त्यांचा तिळभरही अवमान होत नाही. सेना मेडलचं तर दोन्ही प्रकारचं वाटप होतं, शौर्यासाठीही आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही. म्हणून आमच्या कारगिलच्या जवानाच्या नावापुढे कंसात ‘शौर्य’ हा शब्द हवाच.

त्याच्या गावपणाबद्दल थोडक्यात. शाळेच्या पटावर त्याचं नाव आहे, पहिली ते सातवी. आजोळच्या घरात तो वाढला. गावचं होण्यासाठी आणखी काय लागतं? पण मी माझी कसोटी उलट्या बाजूनेही लावतो. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८मध्ये नौशेरा–राजौरी वाटेवर, गोळीबारात, जखमी अवस्थेत सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीर चक्र मिळवलं. हयातीत ते मिळवणारे ते पहिले. ते कारवारजवळच्या चेंडिये गावचे. भाषा आपली, आडनाव आपल्या सत्तरी तालुक्यात घरोघर सापडणारं. गोव्यात काही जण हौसेने त्यांना ‘आपले’ म्हणतात आणि मलाही ते मनातून आपले वाटतात. पण गोव्याच्या यादीत त्यांना ओढून आणणं बरोबर नाही. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, त्यांचं गाव त्यांना विसरलेलं नाही. ज्याचं नाव मोठं त्याला आत घ्यायचं आणि साध्या शिपायाला ‘आमचो न्हय’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असंही धरू नये. १९९९ साली ग्रेनेडियर योगेंद्रसिंग यादव यांचं परमवीर चक्र मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं. ते इस्पितळात जिवंत होते, त्यांच्याच पलटणीतला त्याच नावाचा दुसरा जवान मरण पावला होता. देशाच्या सर्वोच्च पदकाबाबत असं होऊ शकतं, तर ज्या गावात निम्म्या वाड्याचं आडनाव एक आणि दर चौथ्या घरात आजोबाचं नाव नातवाला, तिथे लष्करी नंबर आणि पलटण पाहिल्याशिवाय कोरणी हातात घेऊ नये.

आता आपा. त्यांच्या उजव्या हाताची बोटं पुरी मिटत नसत. कपबशी ते दोन्ही तळव्यांत धरून प्यायचे, लहानपणी आम्हाला ती गंमत वाटायची आणि आम्ही तशीच नक्कल करायचो. एकदा आईने आम्हाला त्यासाठी चोपलं, तेव्हा कारण कळलं. सत्याग्रहींना रात्री सीमेवरून आत आणण्याच्या आरोपावरून त्यांना धरलं होतं. भोकं पाडलेली लाकडी थापी असते, पोर्तुगीज तिला पाल्मातोरिया म्हणत. तळहातावर मारली की भोकांतून कातडी वर ओढली जाते. ती त्यांच्या हातांवर तीन रात्री चालली. किती नावं सांगितली, असं मी त्यांना कॉलेजात असताना विचारलं होतं. ‘‘एक सांगितलं,’’ ते म्हणाले, ‘‘माझंच.’’ त्यांच्याकडे पदक नव्हतं. पेन्शनसाठी अर्जही त्यांनी खूप उशिरा केला, तोही माझ्या वडिलांच्या आग्रहाने, कारण साक्षीदार म्हणून कुणाची नावं लिहायची हा त्यांना पेच होता. नाव न सांगण्याची सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही. अशा माणसाला मी ज्या यादीत तो नाही तिच्यात मागच्या दाराने घुसवू? महाराष्ट्रात बीड जिल्ह्यात बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण चौकशी आयोगापर्यंत गेलं, तेव्हा खऱ्यांनाही लोक संशयाने पाहू लागले होते. आपांच्या नावाकडे उद्या कुणी तसं पाहिलेलं मला सहन होणार नाही.

मग त्यांना जागा कुठे? ही जागा आमच्या मातीत आधीपासून आहे. गोव्यात ठिकठिकाणी देवळांच्या आवारात, शेताच्या बांधावर, कुळागरात वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेताहेत, वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कदंबांच्या काळातल्या काही वीरगळांवर जहाजंही कोरलेली आहेत, वल्ही मारणाऱ्या माणसांसकट. बहुतेकांवर नाव नाही. कुठल्या राजाने पदक दिलं होतं का, हे ठाऊक नाही. गावाने पाहिलं, गावाने दगड उभा केला. हीच आपली रीत. माझं मागणं असं, की पाटीवर दोनच नावं कोरावीत: पदक, साल, देणारं राज्य, पलटण आणि नाव. चौथऱ्याच्या उजव्या अंगाला युद्धसेवा केलेल्या सगळ्या ग्रामस्थांची वेगळी पाटी लावावी. तिथे हवालदारांचं नाव पहिलं असावं, त्यांच्या मोहिमांसह, आणि ती पाटी त्यांच्या पत्नीच्या हातून उघडावी. आणि चव्हाट्यावर, वडाखाली, एक दगड मुक्तिलढ्यातल्यांसाठी उभा करावा. त्यावर आपा असतील आणि त्यांच्याबरोबर ती माणसंही, ज्यांची नावं त्यांनी सांगितली नाहीत. त्यातल्या दोघांची घरं मला ठाऊक आहेत. एक जण त्या रात्री माणसांना पाण्यातून पलीकडे नेणारा नावाडी होता. दुसरी त्यांना भाकऱ्या बांधून देणारी बाई होती. तिच्याबद्दल कुठल्याच दप्तरात एक ओळही नाही.

सरपंचांनी पुढची सभा येत्या रविवारी ठेवली आहे. राजपत्राच्या आणि लंडन गॅझेटच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या राजपत्राच्या, पानांच्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत. हवालदारांच्या घरी उद्या पुन्हा जाणार आहे. पाटी वेगळी का, हे त्या माऊलीला सभेत कळण्याआधी तिच्या पडवीत बसून मीच सांगायला हवं.